गोधडीच्या कापडाची सुलट बाजू कशी ओळखायची?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. भाचीला डिसेंबरात बाळ होणार आहे. नाशिकचा डिसेंबर म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगायला नको. तर बाळासाठी तुकडे जोडून गोधडी शिवायचं मनावर घेतलंय. मेन रोडवरून बारीक फुलांचं सुती प्रिंट आणलं, एक बाटिक आहे, लाल-पांढरी चौकडी आहे, एक प्लेन मोरपंखी कापड आणि सासूबाईंची दोन जुनी वॉयलची पातळं. शिवाय ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात ढीगभर.

फुलांच्या प्रिंटची सुलट बाजू आंधळ्यालाही कळेल. पण बाकीच्यांचं काय? बाटिक दोन्हीकडून तसंच दिसतं. मोरपंखी कापड ट्यूबलाइटखाली धरलं की एक बाजू बरी वाटते, पालटलं की दुसरी. चौकडीचं तर विचारूच नका. जाणकारांनी सांगावं: ओळखायची खूण काय? आणि उलटसुलट जोडलं गेलं तर खरंच फरक पडतो का?

निफाडकर

आमच्याकडे थंडीत पहाटे पाणी काढायला उठतो तेव्हा गोधडीची उलट कुठली, सुलट कुठली हे पाहिल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. डोक्यावरून ओढायची, झालं. :)

सुईदोरा

निफाडकर, पांघरणाऱ्याचं सोडा, शिवणाऱ्याचं बघा.

@गोदाकाठची, फरक पडतो, पण सगळ्या कापडांत नाही. तुकडे जोडताना आपण सुलटीवर सुलट ठेवून पाव इंच माया (शिवणीबाहेरची कड) सोडून शिवतो. प्लेन कापडाचे वीस तुकडे कापले आणि त्यातले सात उलटे लागले, तर शिवताना काहीच कळत नाही. गोधडी पूर्ण होऊन गॅलरीत वाळत घातली की उन्हात ते सात तुकडे वेगळे दिसतात. कापड तेच, पण प्रकाश वेगळा परतवतात. हे नंतर सुधारता येत नाही.

दुसरी गोष्ट असमान बाजूंच्या तिरप्या त्रिकोणांची. चौकोन किंवा आयत पालटला तरी तोच आकार राहतो. तिरपा तुकडा पालटला की त्याची आरशातली प्रतिमा मिळते आणि तो नक्षीत बसतच नाही. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या कापडात तो सरळ उलटवून वापरता येतो. प्रिंटमध्ये मात्र तुकडा वाया जातो. म्हणून कुठल्या कापडाला खरोखर दोन बाजू आहेत आणि कुठल्याला नाहीत, हे कापायच्या आधी माहीत असलेलं बरं.

कापडचोपड

आमचं घरच कापडाच्या धंद्यातलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा काठ बघा. पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) दोन्ही टोकांना जी घट्ट विणलेली पट्टी असते ती. छापील कापडाच्या काठावर पुष्कळदा मिलचं किंवा डिझाइनचं नाव छापलेलं असतं. ते ज्या बाजूने सरळ वाचता येतं ती सुलट. परदेशी क्विल्टिंग कॉटनच्या काठावर छोट्या रंगीत ठिपक्यांची ओळ असते. छपाईत जितके रंग, तितके ठिपके. प्रत्येक रंगाची छपाईची जाळी वेगळी, आणि ती आपापला ठिपका सोडते. एखादा रंग सरकला असेल तर कारागिराला तो या ठिपक्यांवरून चटकन कळतो. तेही सुलट बाजूलाच स्पष्ट असतात. आपल्या बाजारातल्या स्वस्त प्रिंटवर मात्र नाव नाही, ठिपके नाहीत, काहीच नाही. तिथे काठाकडून अपेक्षा ठेवू नका.

काठ गप्प असेल तर छपाईच बघायची. पिगमेंट प्रिंट असेल तर रंग कापडाच्या वर बसतो, गोंदासारख्या बाइंडरने धरून ठेवलेला. पाठ जवळजवळ पांढरी राहते आणि सुलट बाजूला बोट फिरवलं तर किंचित कडक लागतं. रिअॅक्टिव्ह रंगात छापलेलं असेल तर रंग धाग्यात मुरतो, पाठीलाही बऱ्यापैकी दिसतो. अशा वेळी रंगाच्या गडदपणापेक्षा रेघेची कड बघा. फुलाच्या पाकळीची कड, पानाची शीर, हे सुलटीला तीक्ष्ण असतं आणि पाठीला पसरट.

आणि दुकानात ही तपासणी करायची असेल तर ताग्याचं टोक घेऊन दारापर्यंत या. दुकानदार नाही म्हणत नाही. आतल्या दिव्यांखाली रंग कसाही दिसतो. एका हाताने कोपरा दुमडायचा, म्हणजे उलट आणि सुलट शेजारी शेजारी येतात, आणि मग तिरप्या नजरेने बघायचं. दोन्ही बाजू आळीपाळीने बघितल्या तर डोळा फसतो. शेजारी ठेवल्या की फसत नाही.

मोगरा

काठाला बारीक भोकं असतात ना ओळीने? आमच्या शिवणाच्या बाई सांगायच्या, भोकाचा खरखरीत उठाव ज्या बाजूला तीच सुलट.

कापडचोपड

मोगरा ताई, मी उलटंही ऐकलंय, की भोकाची गुळगुळीत बाजू सुलट. दोन्ही सांगणारे तितक्याच खात्रीने सांगतात.

मालेगावी

भोकांबद्दल मी सांगतो, आमच्या गावात घरोघरी यंत्रमाग.

कापड फिनिशिंगला जातं तेव्हा स्टेंटर नावाच्या मशीनवर ते दोन्ही काठांना सुयांनी धरून ताणतात आणि गरम हवेत वाळवतात. भोकं त्या सुयांची. आता कापड मशीनवर कोणत्या बाजूने चढवलं त्यावर सुई कुठून कुठे गेली ते ठरणार. एका कारखान्यात सुलट वर, दुसऱ्यात खाली. एकाच मिलचा माल ठरावीक पद्धतीने येत असेल तर त्या मालापुरती खूण चालेल. मेन रोडवर चार गावांचा माल एका फळीवर असतो, तिथे या भोकांवर भिस्त ठेवू नका. मागावरही पन्हा ताणून धरायला काठाशी काटेरी कड्या असतात, त्यांच्याही खुणा उमटतात. म्हणजे भोकं कुठली तेच आधी ठरवायला हवं.

आता चौकडी. तिच्यात दोन जाती. एक, आधी सूत रंगवून मग विणलेली. ताण्यात (उभ्या धाग्यांत) लाल-पांढरं, बाण्यात (आडव्या धाग्यांत) लाल-पांढरं. साध्या विणीत ही दोन्ही बाजूंनी अगदी एकसारखी असते, उलट-सुलट शोधण्यात वेळ घालवू नका. लुंगी घ्या, चौकड्याचा पंचा घ्या, तेच. दुसरी म्हणजे पांढऱ्या कापडावर छापलेली चौकडी. तिला पाठ असते.

ओळखायला कापलेल्या कडेचा एक धागा ओढून काढा. विणलेल्या चौकडीत तो धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाचा निघेल. छापील असेल तर एकाच धाग्यावर लाल, पांढरं, लाल, पांढरं असे टप्पे दिसतील आणि धागा वळवला तर एक अंग फिकं दिसेल. यात चूक व्हायला वावच नाही.

गोदाकाठची

मालेगावी, आत्ताच धागा ओढून बघितला. पूर्ण लाल निघाला! म्हणजे चौकडीची कटकट मिटली.

मालेगावी

मिटली. एकच लक्षात ठेवा, विणलेल्या चौकडीलाही कधी मध्ये मध्ये जाड रेघ किंवा बुट्टा टाकलेला असतो. मग त्याचे मोकळे धागे मागे लोंबतात, आणि ती झाली उलट बाजू. खणाचंही तसंच. समोर बारीक उठावदार नक्षी आणि मागे लांब लांब सुटे धागे.

सिडकोच्या काकू

वाचतेय केव्हाची. सगळे नव्या कापडाचंच बोलताय. धागाकर्तीने सासूबाईंची पातळं लिहिली आहेत, त्यांचं कोणी बोलेना.

जुन्या पातळाला नव्या कापडाचा नियम लावू नका, उलटा पडेल. नव्या प्रिंटची गडद बाजू सुलट. पण पातळ वर्षानुवर्षं नेसलं, उन्हात वाळलं, तर सुलट बाजूचाच रंग उडतो. पाठ अंगाकडे राहिलेली असते, ती सावलीत राहते. वॉयलसारख्या तलम कापडात रंग दोन्हीकडे मुरलेला असतो. मग होतं काय, की आज जी बाजू टवटवीत दिसते ती मुळातली उलट असते!

खरी बाजू कळायला फॉल बघायचा. फॉल नेहमी आतल्या बाजूने लावतात. उसवून टाकला असला तरी खालच्या काठाशी चार-पाच बोटं रुंदीची गडद पट्टी आणि सुईची बारीक भोकं राहतात. ती ज्या बाजूला ती उलट. पट्टी गडद का, तर तिथे फॉलखाली ऊन पोचलं नाही. म्हणजे पातळाचा मूळ रंग कसा होता तोही तिथेच कळतो. नऊवारीला फॉल नसतो, तिथे पदराचा दुमडलेला काठ बघा, शिवण आत वळवलेली असते ती बाजू उलट.

आणि हे सगळं कळल्यावर माझं ऐकशील तर, पोरी, टवटवीत बाजू वर घे. मुळात ती उलट होती हे कोण विचारायला येणार आहे? फक्त एक पातळ एका बाजूने, ते सगळं त्याच बाजूने.

गोदाकाठची

काकू, फॉलचं आयुष्यात सुचलं नसतं. एका पातळाला फॉल अजून आहे. दुसऱ्याचा काढलेला आहे पण पट्टी स्पष्ट दिसते, आणि तुम्ही म्हणता तसंच, पाठ जास्त जांभळी आहे. मी ती टवटवीत बाजू घेणार.

निफाडकर

म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं, बघायची गरज नाही.

सिडकोच्या काकू

नाही रे बाबा. बघून सोडून देणं वेगळं आणि न बघणं वेगळं.

पैठणीचा पदर

अवांतर होईल, पण येवल्याच्या माणसाला राहवत नाही. उलट बाजूचा विषय निघाला की आमच्याकडे पैठणी निघतेच. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर, पोपट, वेल हे वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवत विणतात. रंग जिथे संपतो तिथे धागा वळून मागे येतो. म्हणून पाठही जवळपास समोरच्यासारखीच स्वच्छ असते. मशीनवर जॅकार्डने काढलेल्या नक्षीत धागे मागून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेले असतात, लोंबतात किंवा कापून टाकलेले असतात. घेताना पदर पालटून बघा, एवढंच.

आणि कृपा करून कोणी जुनी पैठणी बाळाच्या गोधडीत घालू नका. जरीचे धागे टोचतात.

सुईदोरा

अवांतर मुळीच नाही. दोन्ही बाजू सारख्या असणं म्हणजे कापड हलकं, असा पुष्कळांचा समज असतो. तो यातून जावा. कच्छची अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, तीही घ्या. एका बाजूने छापलेली असते तिला एकपुरी म्हणतात. दोन्ही बाजूंनी, ठशाला ठसा जुळवून छापलेली ती बिपुरी. तिला काम जास्त, आणि उलट बाजू नाहीच. इकतचंही तसंच, सूतच आधी बांधून रंगवलेलं असतं, मग मागे-पुढे फरक कुठून येणार?

आता बाटिक. मेण लावून कापड रंगात बुडवतात, त्यामुळे रंग दोन्हीकडून आत जातो. हातचं बाटिक दोन्ही बाजूंनी वापरता येतं. क्विल्ट करणारे तर मुद्दाम त्यासाठी घेतात, तिरपे तुकडे पालटायला सोयीचं. अगदी शोधायचंच असेल तर मेणाला तडे जाऊन उमटलेल्या बारीक रेघा बघा. एका बाजूला त्या जरा ठसठशीत असतात. पण बाटिकसारखं दिसणारं नुसतं छापील कापडही बाजारात खूप आहे. पाठ फिकी निघाली तर ते बाटिक नव्हे, बाटिकचं प्रिंट.

गोदाकाठची

आता नीट बघितलं तर माझ्या बाटिकची पाठ फिकी आहे. :( दुकानदाराने तर "हॅण्डमेड आहे ताई" म्हणून भाव सांगितला होता.

कापडचोपड

दुकान कुठलं ते इथे लिहू नका, पण पुढच्या वेळी भाव करण्याआधी पाठ बघा.

मोगरा

आणि ते मोरपंखी प्लेन? त्याचं कोणी सांगितलं नाही. माझाही तोच प्रश्न असतो.

मालेगावी

प्लेनमध्ये वीण बघायची. पॉपलिन, केंब्रिक, मलमल, टू बाय टू रुबिया, खादी या सगळ्या साध्या विणीच्या, एक धागा वर एक खाली. यात विणीने दोन बाजू पडत नाहीत. ओटीचे सुती ब्लाउजपीस बहुतेक यातच येतील. फरक दिसलाच तर तो फिनिशिंगचा. कापडाला खळ (स्टार्च) लावून गरम रुळांखालून काढतात, एका बाजूला जरा चकाकी येते. ती खळ आणि चकाकी धुतल्यावर बरीचशी जाते.

तिरप्या विणीत, म्हणजे ट्विलमध्ये, बाजू असतात. सुलटीला तिरप्या रेघा ठळक, पाठीला बुजलेल्या. सगळ्यांच्या घरातला नमुना म्हणजे जीन्स. ताणा निळा, बाणा पांढरा, म्हणून वर निळं आणि आत फिकं. साटीनला चकचकीत बाजू सुलट, कारण तिथे धागे लांब लांब उघडे पडलेले असतात. बोटाने चाचपलं तरी गुळगुळीत लागतं.

@गोदाकाठची, तुमच्या मोरपंखी कापडाला भिंगाखाली तिरप्या रेघा दिसतात का? मोबाइलचा कॅमेरा जवळ नेलात तरी चालेल.

गोदाकाठची

नाही. चौकोनी जाळीसारखं दिसतंय दोन्हीकडे.

मालेगावी

मग साधी वीण. त्याला सुलट बाजू नाही. तुम्ही ठरवाल ती.

सुईदोरा

पण ठरवाच! माझं सगळं म्हणणं इथेच आहे. "दोन्ही सारख्या आहेत" म्हणून वाटेल तसे तुकडे लावायचे नाहीत. आज सारख्या दिसतात, दोन धुण्यांनंतर दिसतीलच असं नाही. तुम्हाला ट्यूबलाइटखाली जो फरक वाटला तो खिडकीत दिवसा बघा. तिथेही दिसला तर आवडेल ती बाजू पकडा, नाही दिसला तर डोळे मिटून एक पकडा. आणि लगेच खूण करा. धुवायच्या आधी. कारण चकाकीसारखी जी काही थोडीफार खूण असते ती धुण्यात जाते आणि मग तुमच्या हातात काहीच राहत नाही.

शिंप्याचा खडू धुण्यात टिकत नाही, म्हणून धुवायच्या आधी मी काठाजवळ उलट बाजूने रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालते. कापायला घेतलं की मग प्रत्येक तुकड्याच्या पाठीला, मायेच्या जागेत, खडूची बारीक फुली. काठाची पट्टी शेवटपर्यंत कापून टाकायची नाही, उरलेल्या कापडाची ओळख तीच.

मोगरा

पेनने केली तर?

सुईदोरा

बॉलपेन अजिबात नको. धुतल्यावर शाई पसरून पुढे येते, फिक्या कापडात तर हमखास.

सिडकोच्या काकू

आमच्या वेळच्या गोधड्यांत या भानगडी नव्हत्या, ते खरं. आख्खं लुगडं खाली, आख्खं वर, मध्ये फाटकी धोतरं, चादरी जे असेल ते. कडा आत वळवायच्या आणि कडेने धावदोरा सुरू करून आत आत जायचं. तुकडे जोडायचे नाहीत तर सुलटीवर सुलट कशाला ठेवाल? वरच्या आणि खालच्या लुगड्याची चांगली बाजू बाहेर ठेवली की संपलं. ठिगळं लावायची तीही वरून, कडा दुमडून. तिथे तुकड्याची बाजू डोळ्यांसमोरच असते, चुकायचा प्रश्न नाही.

तुला वेळ कमी असेल तर तशीच शिव. मधे पातळं, वर ही फुलांची आणि चौकडीची ठिगळं. बाळाला ऊब तेवढीच.

पैठणीचा पदर

काकूंना +१. गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात एक-दोनदा जुन्या गोधड्या बघितल्या आहेत, सगळ्या अशाच.

कापडचोपड

ब्लाउजपीसबद्दल एक सांगायचं राहिलं. ओटीच्या ढिगात पॉलिस्टर मिसळलेले खूप असतात. त्यांची बाजू ओळखत बसण्याआधी ते वेगळे काढा. एकच धागा काढून जाळा: सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बाळाच्या गोधडीत पॉलिस्टर नको, आणि सुती तुकड्याशेजारी ते आटतही नाही, मग शिवण चुण्या धरते. धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर. हातात धरू नका, वितळलेला थेंब चटका देतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचा हिशोब असा: चौकडी आणि मोरपंखी दोन्हीकडून चालतात, मोरपंखीची एक बाजू ठरवून टाके घातले. बाटिक हे बाटिक नव्हे, त्याला पाठ आहे. पातळांची टवटवीत बाजू वर. ब्लाउजपीसपैकी निम्म्याहून जास्त पॉलिस्टर निघाले, ते पुढच्या हळदीकुंकवाला पुढे जातील. :)

तिरपे त्रिकोण मी चौकडीचेच करणार, म्हणजे पालटायची मुभा राहील. फुलांचं प्रिंट नुसतं चौकोनांत.

एक शेवटचं. खालच्या बाजूला फ्लॅनेल लावायचं म्हणतेय. त्याची एक बाजू लवदार आहे आणि दुसरी साधी. बाळाच्या अंगाकडे कुठली?

सुईदोरा

लवदार बाजू अंगाकडे, म्हणजे गोधडीच्या बाहेर दिसेल अशी. काही फ्लॅनेलला दोन्हीकडे लव असते. तिथे जास्त दाट लागेल ती घ्या आणि हात फिरवून बघा, लव एका दिशेला झोपते. जोड द्यावा लागला तर दोन्ही तुकड्यांची दिशा एकच ठेवा, नाहीतर मधोमध दोन छटा दिसतात.

सिडकोच्या काकू

आणि फ्लॅनेल आधी गरम पाण्यात भिजवून वाळव. ते भारी आटतं. न धुता लावलंस तर पहिल्याच धुण्यात वरचं सगळं गोळा होऊन येईल.